झोळीत उरलेली वस्तू: डेड स्टॉक की पुढच्या भागाची तयारी?

कॉमर्स शिकलेल्यांना ‘इन्व्हेंटरी’ हा शब्द नवा नाही. दुकानात, गोदामात शिल्लक असलेला माल म्हणजे इन्व्हेंटरी. त्यातला वर्षानुवर्षे न खपता पडून राहिलेला माल म्हणजे डेड स्टॉक. साहसी कॉम्प्युटर गेम खेळणाऱ्या पोरांच्या तोंडीही हाच शब्द असतो. तिथे इन्व्हेंटरी म्हणजे नायकाची झोळी. वाटेत सापडलेली किल्ली, दोरी, बाटली तिच्यात जमा होते आणि योग्य जागी वापरली की अडलेला रस्ता मोकळा होतो.

हे गेम कधी कधी मालिकेसारखे भागाभागाने येतात. एक भाग संपतो, सगळ्या वस्तू वापरून होतात, पण एक झोळीत तशीच उरते. मग पुढचा भाग येईपर्यंत तर्कांना ऊत येतो. ती वस्तू चुकून राहिली की मुद्दाम ठेवली?

संशय येतो कुठून?

नाटकात भिंतीवर बंदूक दाखवली तर ती पुढे उडलीच पाहिजे, असं रशियन लेखक अंतोन चेखव्ह सांगत असे. साहसी गेम या नियमावरच चालतात. इन्फोकॉम कंपनीच्या १९८४ च्या ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलेक्सी’ या गेममध्ये सुरुवातीलाच एका कुत्र्याला सँडविच द्यावं लागतं. ते राहिलं तर फटका बसतो तो खूप पुढे जाऊन. असे चटके खाल्लेला खेळाडू कुठलीही वस्तू फालतू समजत नाही.

खर्चाच्या बाजूनेही बघा. झोळीतली प्रत्येक वस्तू कुणीतरी काढलेली असते, तिला नाव दिलेलं असतं, नायकाच्या तोंडी दोन वाक्यं घातलेली असतात. दहा वस्तू आणि वापरून बघायच्या वीस जागा धरल्या तर दोनशे जोड्या होतात. प्रत्येक जोडीला काहीतरी उत्तर लागतं. एवढा खर्च उगाच कोण करेल, हा खेळाडूचा हिशेब चुकीचा नाही.

पण कधी नुसती गंमतही असते

लुकासफिल्म गेम्सच्या १९८७ च्या ‘मॅनियाक मॅन्शन’मध्ये स्वयंपाकघरात चेनसॉ, म्हणजे इंधनावर चालणारी करवत, सापडते. पण तिच्यात पेट्रोल नाही. खेळाडूंनी अख्खा बंगला पालथा घातला, पेट्रोल काही मिळालं नाही, कारण ते त्या गेममध्ये ठेवलेलंच नव्हतं. पुढच्या वर्षी त्याच कंपनीचा ‘झॅक मॅकक्रॅकन’ आला. त्यात पेट्रोल सापडतं, तेही थेट मंगळावर! पण तिथे करवत नाही. हे पेट्रोल दुसऱ्याच गेमसाठी आहे, अशा अर्थाचं नायक बोलूनही दाखवतो.

तिसरी शक्यता सगळ्यात साधी. त्या वस्तूचं कोडं शेवटच्या घाईत कापलं गेलं आणि वस्तू मागे राहिली. तो खरा डेड स्टॉक.

भागाभागाच्या गेममध्ये हिशेब बदलतो

एकसंध गेम संपला की खातं बंद. भागांच्या गेममध्ये खातं उघडं राहतं आणि उरलेली वस्तू ‘क्रमशः’सारखी वाटते. पण इथे एक व्यावहारिक अडचण आहे. जुनी वस्तू पुढच्या भागात नेली की तिथल्या प्रत्येक जागेसाठी पुन्हा नवी उत्तरं लिहावी लागतात. म्हणून झोळी रिकामी करून नवा भाग सुरू करणं निर्मात्याला परवडतं.

त्यामुळे वस्तू झोळीत आहे एवढ्यावर जाऊ नये. पात्रं तिच्याबद्दल बोलतात का, ती पुन्हा पुन्हा नजरेसमोर आणली जाते का, हे बघावं. कथेत गुंतलेली वस्तू परत येण्याची शक्यता जास्त असते.

टेलटेल गेम्सच्या ‘द वॉकिंग डेड’ने २०१२ मध्ये हे छान दाखवलं. (ज्यांना हा गेम खेळायचा आहे त्यांनी पुढचा परिच्छेद सोडावा.)

पाच भागांच्या या कथेत क्लेमेंटाइन नावाच्या लहान मुलीकडे वॉकी-टॉकी असतो. तो बिघडलेला आहे, पोरीचं खेळणं आहे, असंच वाटत राहतं. तिसऱ्या भागाच्या शेवटी त्यातून अचानक एका अनोळखी माणसाचा आवाज येतो आणि अंगावर काटा येतो. दुसऱ्या भागात वाटेत सापडलेल्या मोटारीतलं सामान घ्यायचं की नाही, हा प्रश्नही पाचव्या भागात दारात येऊन उभा राहतो. दोन्ही गोष्टी खेळाडूच्या नजरेसमोरच होत्या.

आणि पुढचा भाग आलाच नाही तर?

खरी जोखीम इथे आहे. याच मालिकेचा शेवटचा हंगाम चार भागांचा होता आणि चारही भागांचे पैसे आधीच घेतलेले होते. ऑगस्ट २०१८ मध्ये पहिला भाग आला. सप्टेंबरमध्ये कंपनीने बहुतेक सगळ्या कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं. दुसरा भाग कसाबसा आला आणि काम थांबलं. खेळाडूंच्या झोळीत अर्धी गोष्ट अडकली. पुढे मूळ कॉमिकच्या लेखकाची कंपनी असलेल्या स्कायबाउंडने काम हाती घेतलं. जानेवारी २०१९ मध्ये तिसरा आणि मार्चमध्ये चौथा भाग आला, तेव्हा कुठे गोष्ट पुरी झाली.

प्रत्येक अर्धवट गेमला असा वाली मिळेलच असं नाही. म्हणून घरातल्या पोरांनी पूर्ण हंगामाचे पैसे आगाऊ भरायचा हट्ट धरला, तर किती भाग आले आणि किती यायचे आहेत एवढं आधी विचारा. सगळे भाग आल्यावर घेतलं तर धोका नाही. पण दोन भागांच्या मधल्या दिवसांत मित्रमंडळी जमवून उरलेल्या वस्तूवर तर्क लढवण्याची मजा मात्र हुकते. ती हवी असेल तर सुटा भाग मिळतो का ते बघावं, तेवढेच पैसे घालावेत आणि खुशाल डोकं चालवावं.