मीठ, पेटंट आणि क्षयाची गोळी

म्हैसूरच्या कुवेंपुनगरातून केआरएस रस्त्याकडे गेलं की राजकन्या कृष्णाजम्मण्णी यांच्या नावाचं जुनं क्षयरोग रुग्णालय लागतं. राजकन्येचा जीव क्षयानेच घेतला. तेव्हा क्षयावर औषधच नव्हतं, राजवाड्यातही नाही.

आज औषधं आहेत, पण जंतूही निर्ढावले आहेत. नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणाऱ्या क्षयावर बरीच वर्षं कॅनामायसिनची इंजेक्शनं महिनोन्‌महिने टोचली जात. त्यांमुळे अंतःकर्णातल्या सूक्ष्म केसपेशी मरू शकतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांची श्रवणशक्ती अशीच गेली, दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांचीही.

अशा निर्ढावलेल्या क्षयावरचं बेडाक्विलिन हे नवं औषध 2012 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ते तोंडाने घ्यायचं, सुईची गरज नाही. मात्र त्याच्या क्षारावर, म्हणजे रसायनशास्त्रातल्या मिठावर, ते बनवणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सनला भारतात वेगळं पेटंट हवं होतं. तसं झालं असतं तर मक्तेदारी 2027 पर्यंत लांबली असती. नंदिता आणि फुमेझा या दोघींनी हरकत घेतली. मार्च 2023 मध्ये पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. जुन्या रेणूचं नवं रूप तेवढ्यावर पेटंटला पात्र ठरत नाही, हे आपल्या कायद्याचं कलम 3(ड) सांगतं. हे कलम म्हणजे गरीब रुग्णाची मोठीच ढाल.

मूळ पेटंट जुलै 2023 मध्ये संपलं. लगेच ल्युपिन कंपनीची जेनेरिक गोळी जागतिक खरेदी यंत्रणेत आली: सहा महिन्यांचा कोर्स 194 डॉलरला. मूळ कंपनीनेही आपला दर 130 डॉलरवर आणला.