डॉप्लर परिणाम : जुने स्पष्टीकरण आणि नवे
(शब्बाथ संपल्यावर झालेल्या भाषणाच्या ध्वनिमुद्रणावरून)



आइन्स्टाइनने डॉप्लर परिणामाचे जुने स्पष्टीकरण खोटे ठरविले काय, यावर आपल्या विद्यार्थ्यांत वाद होतो. शाळेतले सूत्र पुरेसे आहे असे काही म्हणतात. ते टाकून द्यावे असे इतर म्हणतात. माझ्या मते याचा निवाडा एका प्रश्नावर अवलंबून आहे : लहरीला माध्यम आहे की नाही?

अबुधाबीच्या महामार्गावर ताशी 120 किलोमीटर वेगाने जवळ येणाऱ्या मोटारीचा भोंगा सेकंदाला 400 कंपने करतो असे धरा. ध्वनीचा वेग सेकंदाला 340 मीटर घेतल्यास रस्त्याकडेला उभ्या असलेल्या माणसाला सुमारे 443 कंपने ऐकू येतील. उलट भोंगा स्थिर असून माणूसच त्या वेगाने त्याच्याकडे गेला, तर सुमारे 439. परस्परवेग तोच, पण उत्तरे दोन; कारण हवेच्या संदर्भात कोण चालतो, हे ठरविता येते.

प्रकाशाला आणि रेडिओलहरींना असे माध्यम नाही. तेव्हा त्यांच्या बाबतीत उत्तर एकच असले पाहिजे. गतिमान घड्याळ मंद चालते, हे आइन्स्टाइनने 1905 साली दाखविले. ही दुरुस्ती केली की दोन्ही जुनी उत्तरे एक होतात. नवे उत्तर त्या दोहोंच्या गुणाकाराचे वर्गमूळ असते. 1938 साली आइव्ह्ज व स्टिलवेल यांच्या प्रयोगाने त्यास पुष्टी मिळाली.

मोटारीच्या वेगाला ही दुरुस्ती शंभर लाख कोटींत एका भागाहूनही कमी आहे. म्हणून रस्त्यावरच्या रडारला जुने सूत्र पुरते. दंड चुकविण्यास आइन्स्टाइनची सबब चालणार नाही! मात्र जीपीएस उपग्रहांची गोष्ट वेगळी. वेगामुळे त्यांची घड्याळे दिवसाला सुमारे 7 मायक्रोसेकंद मागे पडतात आणि क्षीण गुरुत्वाकर्षणामुळे 45 मायक्रोसेकंद पुढे जातात. उरलेला 38 मायक्रोसेकंदांचा फरक सुधारला नाही, तर दिवसभरात दहा किलोमीटरांहून अधिक चूक साचेल.

9 फेब्रुवारी 2021 रोजी अमिरातीचे ‘होप’ यान मंगळाच्या कक्षेत शिरले, तेव्हा त्याचा संदेश दुबईस पोहोचण्यास सुमारे 11 मिनिटे लागत होती. इतक्या दूरच्या यानाचा वेग रेडिओलहरींच्या वारंवारतेतील बदलावरूनच काढतात, आणि त्या सूक्ष्म हिशेबात सापेक्षता वगळून चालत नाही.

तात्पर्य, ध्वनीसाठी जुने सूत्र आजही खरे आहे. प्रकाशासाठी मात्र ते केवळ मंद वेगांना पुरणारा अंदाज आहे. म्हणून विद्यार्थ्यांनो, सूत्र लिहिण्यापूर्वी माध्यम कोणते, ते आधी विचारा.