सायलेन्सर कोणासाठी?

पावसाळा सुरू झाला की अमरावती, अकोला आणि नागपूर येथील तरुणांच्या मोटारसायकली मेळघाटच्या दिशेने धावू लागतात. परतवाडा मागे पडले की रस्ता घटांगवरून सातपुड्याच्या सागवनात शिरतो, वळणे घेत सिपना नदीच्या खोऱ्यात उतरतो आणि सेमाडोह येते. पुढे हाच मार्ग हरिसाल, धारणी करीत मध्य प्रदेशात जातो. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग. झाडाचे नाव घेतलेल्या या नदीच्या काठी पाऊस थांबल्यावर पानांवरून ठिबकणारे पाणीही ऐकू येते. अशा वेळी एखादी गाडी दृष्टीस पडण्यापूर्वी कितीतरी आधी तिचा गडगडाट येऊन पोचतो आणि ती वळणाआड गेल्यावरही बराच वेळ रेंगाळतो. कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा त्या गाडीचा आवाज असा नव्हता. तो मागाहून विकत घेतलेला असतो.

मूळ सायलेन्सर काढून त्याजागी दुसरे नळकांडे बसविण्याची हौस आता नवी राहिलेली नाही. बुलेटसाठी ‘इंदोरी’, ‘गोल्डस्टार’, ‘शॉर्ट बॉटल’ अशा नावांचे प्रकार बाजारात मिळतात; दूरच्या प्रवासासाठी घेतलेल्या महागड्या गाड्यांना परदेशी बनावटीचेही बसविले जातात. हे करणारा प्रत्येक तरुण उपद्रवी असतो असे मानणे अन्यायाचे होईल. मूळ सायलेन्सर वजनाला जड असतो, पावसापाण्याने गंजतो आणि बदलायचा म्हटला तर महाग पडतो. शिवाय गाडीच्या आवाजाशी माणसाचे नातेही जुने आहे. मद्रासला १९५५ पासून बनू लागलेली बुलेट, म्हैसूरची जावा आणि खेड्यापाड्यांत मास्तर, ग्रामसेवकांना वाहून नेणारी राजदूत यांचा ठोका ज्याचा त्याचा असे. घरची माणसे त्या आवाजावरूनच कर्ता माणूस परतल्याचे ओळखीत. तेव्हा आपल्या गाडीला आपला आवाज असावा या इच्छेला हसण्याचे कारण नाही. प्रश्न इच्छेचा नाही; तिची किंमत कोण मोजतो, हा आहे.

सायलेन्सरचे काम

इंजिनाच्या नळकांड्यात पेट्रोलचा स्फोट झाला की तप्त वायू मोठ्या दाबाने बाहेर धाव घेतो. तो तसाच मोकळा सोडला तर प्रत्येक स्फोट बंदुकीच्या बारासारखा ऐकू येईल. म्हणून वाटेत कप्पे, पडदे आणि छिद्रांच्या नळ्या योजलेल्या असतात. ध्वनीच्या लाटा त्यांवर आपटून परततात आणि बऱ्याच अंशी एकमेकींना मारतात. काही सायलेन्सरांत काचतंतूंचे अस्तर उरलेला आवाज शोषून घेते. अमेरिकेतील रीव्ह्ज बंधूंनी अशा साधनाचे एकस्व १८९७ मध्ये मिळविले. म्हणजे मोटार रस्त्यावर येते न येते, तोच तिच्या आवाजाला आवर घालण्याची गरज माणसाला पटली होती.

आजच्या गाडीत हा भाग आणखी एक काम करतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहा मानकांनुसार बनलेल्या मोटारसायकलीच्या धूरवाहिनीत उत्प्रेरक परिवर्तक असतो. प्लॅटिनम गटातील धातूंच्या साहाय्याने तो कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे तुलनेने निरुपद्रवी वायूंत रूपांतर करतो. जवळच बसविलेला प्राणवायूचा संवेदक इंधन किती सोडावे याची खबर देत असतो. पूर्ण धूरवाहिनी बदलली तर परिवर्तक जातो आणि इंधनाचे गणितही बिघडू शकते. वजन काही किलोंनी घटते हे खरे. पण केवळ आवाज वाढला म्हणून शक्ती वाढत नाही. कानाला भासणारा जोर आणि चाकाला मिळणारा जोर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मोठा आवाज प्राण वाचवितो, असाही एक युक्तिवाद केला जातो. समोरच्याला गाडी येत असल्याचे कळते, म्हणून अपघात टळतो म्हणे! परंतु नळकांड्याचे तोंड मागे असते आणि दुचाकीस्वाराला मोठा धोका संभवतो तो पुढून व बाजूने. काचा बंद करून बसलेल्या मोटारचालकाला तो आवाज कळतो तेव्हा सावरण्याची वेळ बहुधा निघून गेलेली असते. वळणाच्या घाटात दिवा, बेताचा वेग आणि जरुरीपुरता हॉर्न यांचा उपयोग त्याहून निश्चित आहे.

वीस डेसिबलांचा हिशेब

आवाज मोजण्याचे डेसिबल हे माप पुष्कळांना फसविते. ते रुपया-पैशांसारखे सरळ चढत नाही. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची शक्ती दसपट होते आणि वीस वाढले की शंभरपट. १७५ घनसेंटिमीटरहून मोठ्या इंजिनाच्या दुचाकींसाठी निर्मितीच्या वेळी ८० डेसिबलांची मर्यादा २००३ पासूनच्या मानकांत घातली गेली. समजा, नळकांडे बदलल्याने हा आवाज १०० वर गेला. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे सहा डेसिबलांनी उतरतो, आणि दसपट झाले की वीसने. म्हणजे जो आवाज पूर्वी ५०० मीटरवर जितका ऐकू येत होता, तो आता तितकाच पाच किलोमीटरवर येऊ शकेल. अंतर दसपट झाले की क्षेत्र शंभरपट होते. डोंगर आणि झाडोरा यांमुळे प्रत्यक्षात हा विस्तार कमी भरेल. पण पाने अडवितात ते मुख्यत्वे तीव्र स्वर. या गाड्यांचा खर्जातील घुमारा दूरवर जातो. रस्त्याची दहा हात रुंदी वापरणारा स्वार अशा रीतीने अवघ्या खोऱ्यावर पसरतो.

ते खोरे रिकामे नाही, ही या प्रश्नातील खरी गोष्ट आहे. १९७३-७४ मध्ये देशात जी पहिली नऊ व्याघ्र क्षेत्रे निवडली गेली त्यांत मेळघाट होते. येथे वाघ, बिबट, गवा, अस्वल, सांबर आहेत. १८८४ नंतर दिसेनासा झालेला आणि नामशेष मानला गेलेला रानपिंगळा ११३ वर्षांनी, १९९७ मध्ये, शहाद्याजवळ पुन्हा सापडला. पुढे मेळघाटातही त्याचे वास्तव्य आढळले. अभ्यासकांना तो शोधता येतो तो प्रामुख्याने त्याच्या हाकेवरून.

दाट रानात डोळा फार दूर जात नाही. तेथे कान हाच पहारेकरी असतो. झाडावरच्या वानराचा खोकल्यासारखा आवाज, चितळाची तीक्ष्ण हाक, सांबराचा ‘पोंक’ असा पुकारा यांतून जनावर जनावराला सावध करते. तीच हाक माणसालाही उपयोगी पडते. मोहाच्या दिवसांत कोरकू बाया पहाटे टोपल्या घेऊन फुले वेचायला निघतात आणि मोहाची फुले अस्वलालाही तितकीच प्रिय असतात. पाचोळा वाजला की क्षणभर थांबून कानोसा घ्यावा, ही त्यांची एवढीच काय ती ढाल. गस्तीवर पायी निघालेला वनरक्षक आणि त्याचा वनमजूर यांचेही तेच. रस्त्यावरून सात-आठ गाड्यांचा ताफा गर्जत जातो तेव्हा तेवढा वेळ ही सगळी माणसे बहिरी होतात. एरवी केवळ त्रास म्हणून सोडून द्यावा असा आवाज येथे जिवाशी येऊ शकतो. आणि ज्याच्यामुळे हे घडते त्याला त्याची गंधवार्ताही नसते, कारण तोवर तो पुढच्या वळणापलीकडे गेलेला असतो.

कायदा आणि त्याची सीमा

कायदा या बाबतीत मुका नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२० वा नियम प्रत्येक वाहनाला सायलेन्सर बंधनकारक करतो. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हा अर्थ पुन्हा स्पष्ट केला. आवाज व हवेच्या प्रदूषणाची मानके मोडणाऱ्यास पहिल्या गुन्ह्यासाठी दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही, शिवाय तीन महिन्यांसाठी परवान्याची अपात्रता, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने झाली. अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडूनही दाखविले.

पण या कारवाईचा जोर शहराच्या वेशीपर्यंतच टिकतो. काही नळकांड्यांत आवाज दाबणारा तुकडा एका स्क्रूवर बसविलेला असतो. पोलीस असतील तेथे तो आत ठेवावा आणि मोकळ्या रस्त्यावर काढून टाकावा, इतकी ही सोय सुटसुटीत आहे. शहराने जो आवाज नाकारला तो रानाने निमूटपणे ऐकावा, असाच तिचा अर्थ होतो. शहरातला नागरिक निदान तक्रार तरी करू शकतो. सांबर तक्रार करीत नाही, आणि मोह वेचणारी बाई कोणत्या कार्यालयात जाणार?

केवळ तरुणांच्या मागे लागून काय होणार, ट्रकांचे कर्कश हॉर्न आणि बंगल्यांवरचे ध्वनिक्षेपक कोणाला दिसत नाहीत काय, हा आक्षेपही बिनबुडाचा नाही. नियम सर्वांनाच हवा. मात्र दुसऱ्याचा दोष हा आपल्या दोषाचा परवाना होऊ शकत नाही. उपाय फार अवघडही नाहीत. दुचाकीच्या प्रदूषण तपासणीत आज धूर मोजला जातो, आवाज नाही. त्याच वेळी एका साध्या ध्वनिमापकाने तोही मोजता येईल. जंगलात शिरणाऱ्या मार्गांवरील नाक्यांवर अशी तपासणी होऊ शकेल. ज्या दुकानांत ही नळकांडी उघड विकली व बसविली जातात, त्यांना हात न लावता केवळ गिऱ्हाइकाला पकडणे म्हणजे नळ वाहता ठेवून फरशी पुसणे होय. आणि सर्वांत परिणामकारक उपाय स्वारांच्याच हाती आहे. एकत्र सहली काढणाऱ्या मंडळांनी ‘मूळ सायलेन्सर नसेल तर मेळघाटला येऊ नये’ असे आपसांत ठरविले, तर पोलिसांचे निम्मे काम होईल.

मोटारसायकलीचे आसन स्वारासाठी असते, ब्रेक त्याच्या जिवासाठी आणि आरसा त्याच्या सोयीसाठी. सायलेन्सर मात्र तिच्यावर न बसलेल्यांसाठी असतो. स्वार त्याचे पैसे देतो, पण तो असतो इतरांचा. म्हणूनच तो काढून टाकण्याचा हक्क एकट्या स्वाराला नाही. मेळघाटात माणूस जातो तो ऐकण्यासाठी. सिपनेच्या पुलाजवळ गाडी उभी करून, इंजिन बंद करून जो पाच मिनिटे थांबेल, त्याला सायलेन्सर कशासाठी असतो हे कोणी समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.