हिरवे कडवळ आणि किराळीचे भय

एप्रिल सरता सरता गोव्यातील माळरानांवरचे गवत करपून जाते आणि घाटावरून येणारा कडबा परवडेनासा होतो. अशा वेळी साळावली, तिळारी वा अंजुणे धरणाच्या कालव्याचे पाणी ज्यांच्या शेतापर्यंत पोहोचते, ते गोपालक भातकापणीनंतर मोकळ्या झालेल्या तुकड्यावर कडवळ, म्हणजे वैरणीची ज्वारी, पेरतात. हेक्टरी सुमारे ४० किलो बियाणे, दोन ओळींत ३० सेंटीमीटर अंतर आणि आठ-दहा दिवसांनी पाणी एवढ्यावर हे पीक भरघोस येते. जांभ्या दगडाच्या जमिनीत ओल टिकत नाही, तेथे पाण्याच्या पाळ्या अधिक जवळ आणाव्या लागतात.

मात्र हेच कडवळ अवेळी जनावरासमोर टाकले, तर तासाभरात गोठा रिकामा होऊ शकतो. जुनी माणसे याला ‘किराळ लागणे’ म्हणतात.

कोवळ्या ज्वारीत धुरीन नावाचे द्रव्य असते. ते स्वतः फारसे घातक नाही. ते आणि त्याचे विघटन करणारे विकर पानात वेगवेगळ्या ठिकाणी साठवलेले असतात. पान चावले, चिरडले वा कोमेजले की दोन्ही एकत्र येतात आणि हायड्रोजन सायनाइड मुक्त होते. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या कोठीपोटातील सूक्ष्मजीव हे काम आणखी वेगाने करतात. हे विष रक्तातील प्राणवायू पेशींना वापरू देत नाही. त्यामुळे रक्त लालभडक असूनही जनावर गुदमरते. शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे २ मिलिग्रॅम सायनाइड पोटात गेले तरी ते प्राणघातक ठरते. चारशे किलोच्या गाईला एक ग्रॅमसुद्धा लागत नाही!

विषाचे प्रमाण सर्वांत अधिक असते ते गुडघ्याएवढ्या कोवळ्या पिकात, पाण्याअभावी खुरटलेल्या ताटांत आणि कापणीनंतर फुटलेल्या खोडव्यात. युरियाचा हात सैल सोडला असेल तर ते आणखी वाढते. आपल्याकडे खरा धोका मे महिन्यातील वळवाच्या सरीनंतर असतो. आठवडाभर सुकून पडलेल्या शेतात लुसलुशीत फुटवे येतात, ते पाहून दावे सैल करण्याचा मोह होतो आणि भुकेली गाय अधाशासारखी तुटून पडते.

म्हणून एकदाच कापायचे कडवळ निम्मे फुलोऱ्यात आल्यावरच कापावे. अनेक कापण्या देणाऱ्या वाणांची पहिली कापणी साधारण ५५ ते ६० दिवसांनी आणि पुढच्या ४० ते ४५ दिवसांच्या अंतराने घ्याव्यात. पिकाला ताण पडला असेल तर आधी पाणी द्यावे आणि ते सावरून वाढीला लागेपर्यंत थांबावे. वैरण घालण्यापूर्वी जनावराला थोडा कडबा किंवा भाताचा पेंढा खाऊ घालावा. उपाशीपोटी हिरवे कधीही नको. शंकास्पद पीक नीट वाळवले किंवा मुरघास करून दीड-दोन महिने ठेवले, तर सायनाइड बरेच उडून जाते. मात्र अति युरियामुळे साठलेले नायट्रेट वाळवूनही जात नाही, हे विसरू नये.

एवढी धास्ती नको असेल त्यांना संकरित नेपियर बरे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘फुले जयवंत’ हा त्यातलाच वाण. दोन डोळ्यांच्या कांड्या एकदा लावल्या की काही वर्षे वैरण मिळत राहते आणि त्यात धुरीनाची भीती नाही. त्यात ऑक्झॅलेट असते, म्हणून दुभत्या जनावरांना खनिज मिश्रण द्यावे आणि केवळ नेपियरवर विसंबू नये. मक्याची वैरणही या बाबतीत सुरक्षित.

किराळ लागलेले जनावर जोरजोरात श्वास घेते, लाळ गाळते, थरथरते, झोकांड्या खात कोसळते. पुष्कळांना ही पोटफुगी किंवा सर्पदंश वाटतो आणि मोलाचा वेळ हातचा जातो. तोंडातून काढे पाजत बसू नये. धडपडणाऱ्या जनावराच्या श्वासनलिकेत ते उतरतात. समोरची वैरण तात्काळ काढून घ्यावी, बाकीची जनावरे दूर बांधावीत आणि पशुवैद्यकाला फोन करतानाच ‘कोवळी ज्वारी खाल्ली आहे’ असे स्पष्ट सांगावे. सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट ही शिरेतून देण्याची औषधे वेळेत मिळाली, तर जनावर वाचू शकते. फोनवर कारण कळले तर डॉक्टर ती सोबत घेऊनच निघतील.