अफवेवरचा उतारा

पंढरपूर तालुक्याला लागूनच मंगळवेढा. तिथले नाथपंथी डवरी गोसावी भिक्षेसाठी गावोगाव फिरतात. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी, मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच भिक्षुकांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. त्यातले बहुतेक मंगळवेढ्याकडचे होते. मोबाइलवरच्या अफवेचे हे बळी.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. पण वाचणाऱ्याच्या मनाचं काय?

खोटी बातमी कशी ओळखावी, याच्या सूचना संशोधकांनी भारतात तपासल्या. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात उच्चशिक्षित ऑनलाइन गटाची पारख सुधारली. उत्तर प्रदेशातल्या ग्रामीण गटावर मात्र परिणाम दिसला नाही. संशोधक सुमित्रा बद्रिनाथन यांनी २०१९च्या निवडणुकीत बिहारमध्ये घरोघरी सुमारे तासभर प्रशिक्षण दिलं. एकूण परिणाम जवळजवळ शून्य!

पुढे बिहारमध्येच गावच्या ग्रंथालयांत विद्यार्थ्यांचे खोटी बातमी ओळखण्याचे वर्ग काही आठवडे भरले. चार महिन्यांनंतरही त्यांची पारख टिकून होती, पालकांपर्यंतही ती झिरपली.

प्रयोगातली सूचना गावात आणायची तर वेळ आणि माणसं द्यावी लागतात. पंढरपूर-मंगळवेढा भागातल्या शाळा-वाचनालयांनी असे वर्ग याच वर्षी सुरू करावेत.