स्वस्त पत्ता आणि बारीक अक्षरं

शाळेला सुट्टी लागली की मुलांच्या दप्तरातून पोकेमॉनचे पत्ते बाहेर निघतात आणि आईवडिलांच्या कपाळाला आठ्या पडतात. पत्ते विकत घेण्यात पैसा जातो, ही तक्रार रास्तच आहे. पण हा खेळ खेळताना मुलं एक हिशेब शिकतात, तो मोठ्यांनीही शिकण्यासारखा आहे. स्वस्त दिसणाऱ्या गोष्टीची खरी किंमत किती?

अशा पत्त्यांच्या खेळांची सुरुवात १९९३ मध्ये ‘मॅजिक: द गॅदरिंग’ने झाली. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने तो तयार केला. प्रत्येक खेळाडूला २० गुण ‘आयुष्य’ मिळतं. ते संपलं की हार. पत्त्यावर प्राणी असतो आणि तो मैदानात आणायला किती ऊर्जा लागेल, हे कोपऱ्यात छापलेलं असतं. ‘सव्हाना लायन्स’ हा सिंह एका ऊर्जेत येतो. पहिल्याच डावात उतरवला आणि कोणी अडवला नाही, तर चौथ्या डावापर्यंत तीन हल्ल्यांत तो समोरच्याचे सहा गुण खातो. तोच सिंह आठव्या डावात आणला, तर समोरच्या मोठ्या प्राण्यापुढे त्याचा निभाव लागत नाही.

काही स्वस्त पत्त्यांवर बारीक अक्षरांत अट असते. ‘गॉब्लिन गाइड’ एका ऊर्जेत येऊन लगेच हल्ला करतो, पण त्या हल्ल्यात समोरच्याला फुकटचा एक पत्ता मिळण्याची शक्यता असते. ‘डेथ्स शॅडो’ची ताकद तेरा; मात्र तुमचं जेवढं आयुष्य शिल्लक, तेवढी त्यातून वजा होते. म्हणजे आयुष्य तेरा किंवा जास्त असताना तो आणला, तर येताक्षणी मरतो. आयुष्य तीनवर आलं असेल, तर तोच पत्ता दहाच्या ताकदीचा. पोकेमॉनमध्ये साधा प्राणी बाद झाला, तर प्रतिस्पर्धी सहा बक्षीस-पत्त्यांपैकी एक उचलतो. ‘ईएक्स’सारखा बलवान बाद झाला, तर दोन. म्हणून चांगला खेळाडू कोपऱ्यातला आकडा पाहून थांबत नाही. पूर्ण पत्ता वाचतो, मग आपली परिस्थिती पाहतो.

आता आपल्या घरातल्या गोळ्यांच्या डब्याकडे वळू. अंगदुखीची गोळी काही रुपयांत मिळते आणि तासाभरात आराम पडतो. ऊसतोड असो, भांगलण असो, की आषाढीची वाट असो, गुडघे-कंबर दुखली की ती घेतली जाते. माउलींची पालखी नातेपुत्याला मुक्कामी येते, तेव्हा बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या अनेकांच्या पिशवीत अशी पाकिटं दिसतात. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या शरीरातली प्रोस्टाग्लँडिन ही रसायनं कमी करतात, म्हणून सूज आणि वेदना घटते. पण जठराच्या अस्तराचं रक्षण करणं आणि शरीरातलं पाणी कमी झालं असताना मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवणं, ही कामंही हीच रसायनं करतात. गुण आणि दोष एकाच जागेतून येतात.

त्यामुळे गोळी तीच, पण माणूस बदलला की हिशेब बदलतो. धडधाकट तरुणाने दातदुखीसाठी जेवणानंतर दोन दिवस घेतली, तर धोका कमी. पासष्टीच्या, मधुमेह असलेल्या, रक्तदाबाची किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असलेल्या माणसाने उन्हात चालून, उपवासाच्या पोटी रोज घेतली, तर मूत्रपिंड अचानक बंद पडू शकतं.

हा दोष किती महाग पडतो, ते गिधाडांनी दाखवून दिलं. डायक्लोफेनॅक दिलेल्या जनावराचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात, हे २००४ मध्ये सिद्ध झालं. भारतातल्या तीन जातींची गिधाडं तोवर नव्वद टक्क्यांहून अधिक घटली होती. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली.

स्वस्त म्हणजे वाईट, असं मात्र नाही. जुलाबावरचं ओआरएस हा पहिल्या डावात खेळायचा सर्वांत उत्तम स्वस्त पत्ता आहे. १९७१ मध्ये बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी ते वापरलं आणि कॉलऱ्याचं मृत्युप्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या आत आलं. पाकिटावर लिहिलेल्या मापानेच पाणी घ्यावं आणि पहिल्या जुलाबापासून सुरू करावं. मूल मलूल झाल्यावर नुसतं ओआरएस पुरत नाही. दवाखाना गाठावा लागतो.

म्हणून कोणतीही गोळी घेण्याआधी तीन प्रश्न विचारा. यातून मला काय मिळणार आणि किती दिवस? बदल्यात कोणत्या अवयवावर भार पडणार? आणि आज माझं शरीर तो भार पेलण्याच्या स्थितीत आहे का? रोजच्या सर्व औषधांची पाकिटं डॉक्टरांना दाखवा. गरोदर असाल किंवा पूर्वी जठराला व्रण झाला असेल, तर आवर्जून सांगा. रक्तदाबाची गोळी मनाने बंद करू नका. वेदनाशामक घेताना लघवी कमी झाली, पायांवर सूज आली किंवा शौचाला काळी झाली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी रुग्णालयात या.