माझा उजवा, त्याचा डावा

32 वर्षे शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या मास्तराला पहिलीतल्या नातवाने नापास करावे, याहून मोठी नामुष्की ती कोणती? पण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्यावर तो प्रसंग आला खरा.

नातवाच्या वहीत बाईंचा शेरा होता : 'डावे-उजवे कळत नाही. घरी सराव घ्यावा.' सूनबाई चकल्या पाडण्यात गुंतलेल्या. तेव्हा हे काम मी मोठ्या तोऱ्यात अंगावर घेतले. नातवाला समोर उभे केले, माझा उजवा हात वर केला आणि म्हणालो, "हा उजवा. कर वर!" त्याने डावा केला. पुन्हा सांगितले; पुन्हा डावाच. तिसऱ्या खेपेस माझ्या तोंडून तो जुना मास्तरी शब्द निसटला, "ढ आहेस अगदी!"

पोराचा हात खाली आला. डोळे भरले. त्या रात्री गोष्ट ऐकायला तो माझ्याकडे फिरकला नाही.

"अहो, तुम्ही त्याच्या समोर उभे होता," सौ. म्हणाली. "तुमचा उजवा हात त्याला त्याच्या डाव्या बाजूला दिसणार. आरशात दिसावे तसे त्याने केले. चूक कुणाची?"

मी निरुत्तर झालो. 32 वर्षे फळ्याकडे पाठ आणि मुलांकडे तोंड करून मी 'उजवीकडे' म्हणत आलो होतो! किती पोरांचे हात असेच खाली आले असतील, या विचाराने मला झोप लागेना.

सकाळी मी त्याच्या शेजारी उभा राहिलो. दोघांची तोंडे पूर्वेला. अशा वेळी उजवा हात दक्षिणेला येतो. म्हणूनच संस्कृतात 'दक्षिण' या एकाच शब्दाचे 'उजवा' आणि 'दक्षिण दिशा' असे दोन अर्थ आहेत. देवाला उजव्या हाताला ठेवून फिरायचे, ती प्रदक्षिणा. आम्ही रोज तुळशीला प्रदक्षिणा घालू लागलो, आणि चार-पाच दिवसांत उजवा हात त्याच्या अंगवळणी पडला.

मग वळणे. मिनिटकाट्यासारखे जागच्या जागी फिरायचे : 15 मिनिटे म्हणजे पाव वळण, 30 म्हणजे अर्धे, 60 म्हणजे पूर्ण. मी विचारले, "भिंतीवरच्या घड्याळाचा काटा जास्त वळतो की माझ्या मनगटावरच्या?" तो म्हणाला, "भिंतीवरचा. तो मोठा आहे ना!" मोठी मुलेसुद्धा इथेच फसतात, कोनाची भुजा लांब काढली की कोन मोठा झाला असे त्यांना वाटते. आम्ही दोन्ही घड्याळे पंधरा मिनिटे न्याहाळली. वळण दोन्हीकडे पावच!

अंशांची घाई मी केली नाही. पूर्ण वळणाचे 360 अंश करण्याची चाल साठाच्या पटीत मोजणाऱ्या बॅबिलोनियाकडून आली. 360 ला 24 संख्यांनी निःशेष भाग जातो; त्यामुळे वळणाचे अर्धे, पाव, तिसरा, सहावा असे हिस्से सुटसुटीत पडतात. पण आधी वळण, मग त्याचे माप.

1967 साली अमेरिकेत सिमोर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी 'लोगो' ही संगणकाची भाषा तयार केली. पुढे तिच्यात एक कासव आले. 'पुढे जा', 'उजवीकडे वळ' अशा हुकमांवर ते चाले आणि चित्र काढी. चित्र फसले, तर पेपर्ट मुलांना सांगत : स्वतःच कासव व्हा आणि चालून बघा.

आमच्या घरी कासव झालो मी! "चार पावले पुढे, उजवीकडे पाव वळण," असा हुकूम चार वेळा झाला की दिवाणखान्यात चौकोन पुरा होई आणि माझे तोंड पुन्हा पहिल्याच दिशेला येई. वाचकहो, या खेळाला पैसा लागत नाही. मुलाच्या समोर नव्हे, शेजारी उभे राहायचे, एवढेच पथ्य.

भाऊबीजेला घर पाहुण्यांनी भरले होते. नातू माझ्या समोर उभा राहून हुकूम देत होता. "आजोबा, उजवीकडे!" मी गडबडलो आणि त्याच्या उजवीकडे वळलो. सारे हसले. तो मात्र धावत माझ्या शेजारी आला, माझ्याच दिशेला तोंड करून उभा राहिला आणि माझा उजवा हात धरून म्हणाला, "तुमच्या उजवीकडे, आजोबा. असं."

मला तो 'ढ' म्हणाला नाही.